जुन्या नोंदी की नवी तत्त्वे?

एका लेखात ट्रिझ ही तांत्रिक अडचणी ठरावीक तत्त्वांनी सोडवणारी शोधपद्धती आणि जुन्या प्रकरणांवरून उत्तर काढण्याची पद्धत यांना परस्परविरोधी ठरवले आहे, ते पटत नाही. ट्रिझचे जनक गेन्रिख आल्टशुलर यांनी आपली ४० तत्त्वे हजारो पेटंटे चाळूनच काढली, म्हणजे तीही जुनी प्रकरणेच होत. फरक आहे तो वापरात. आमच्या रबाळे एमआयडीसीत पंपाची ग्लँड, म्हणजे फिरता शाफ्ट बाहेर येतो तिथली गळती रोखणारी जोडणी, गळू लागली की फिटर लॉगबुक उघडतो, कारण कोणत्या पंपाला किती आवळायचे आणि तिच्यातले पॅकिंग (दोरीसारखे भरण) थंड राहावे म्हणून किती थेंब गळू द्यायचे, हे तिथे लिहिलेले असते. परंतु आवळले तर शाफ्टवरची स्लीव्ह (नळीसारखे आवरण) तापून झिजते आणि सैल सोडले तर गळती वाढते, हा तिढा त्या नोंदींनी सुटत नाही, कारण प्रत्येक नोंद ही या दोन टोकांमधली तडजोडच असते. ट्रिझ ती तडजोडच नाकारते, आणि मुळात शाफ्ट बाहेर आणायचाच कशाला, असे विचारले की चुंबकीय कपलिंगच्या, म्हणजे बंद कवचाबाहेरून चुंबकाने फिरवल्या जाणाऱ्या, ग्लँड नसलेल्या पंपापर्यंत पोहोचता येते. (तो कोरडा चालला तर बिघडतो, हे विक्रेता सहसा शेवटी सांगतो.) मात्र आपल्या रसायनात त्याचे कोणते बेअरिंग टिकेल, हे ट्रिझचा ३९ गुणधर्मांचा तक्ता (कोणता गुणधर्म सुधारताना कोणता बिघडतो, यावरून तत्त्व सुचवणारा) सांगत नाही, त्यासाठी पूर्वानुभवच लागतो.