सोनेगाव ते चिकलठाणा, म्हणे एक तास!

नागपूर ते छत्रपती संभाजीनगर. विमानाचं अंतर 400 किलोमीटर, वेळ एक तास. शोधलं की हेच आकडे ठळक अक्षरांत समोर येतात. कुणाचा आहे हा तास? रविवारी आम्हाला साडेनऊ तास लागले! पहाटे पाचला घर सोडलं, चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर आलो तेव्हा अडीच वाजले होते.

भाचीचा साखरपुडा होता, साडेबाराचा. समृद्धीने गाडी काढली असती तर कधीच पोचलो असतो, हे मलाही कळतं, कुणी शिकवायला येऊ नका. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, लांबचा गाडीप्रवास डॉक्टरांनी बंद केलाय. म्हणून तर विमान! आणि त्या दिवशी थेट विमानच नाही. जा मुंबईवरून.

नकाशा उघडा आणि नागपूर ते मुंबई सरळ रेघ मारा. संभाजीनगर जवळपास त्या रेघेवरच येतं. म्हणजे ज्या गावाला जायचं त्याच्या डोक्यावरून पुढे जायचं, 280 किलोमीटर लांब जाऊन उतरायचं, तिथे ताटकळायचं आणि तेवढंच अंतर उलटं यायचं. 400चे झाले 960. पैसे अर्थातच दोन्ही विमानांचे.

मुंबईत पुन्हा तपासणी. आईने संत्रा बर्फीचा डबा लाल दोऱ्याने चार वेढे देऊन बांधला होता, वर हळदकुंकवाची पुडी. तो सोडायला लावला. सोडला, पाहिला, तसाच ट्रेमध्ये ढकलून दिला. आई उभ्याउभ्या दोरा परत बांधत होती, बोटं थरथरत होती, मागची माणसं पुढे सरका, पुढे सरका करत होती. मग तो डबा मांडीवर घेऊन ती खुर्चीत तीन तास बसली, कारण पुढचं विमान लेट. बोर्डावरची वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे सरकायची. कारण? कुणीही सांगेना. "काहून रे, अजून किती वेळ लागून राहिला?" हे तिने मला कितीदा विचारलं असेल! काय सांगणार होतो मी तिला?

तो एक तास कुठून येतो तेही सांगतो. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर घ्यायचं, त्याला विमानाच्या सरासरी वेगाने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. झालं! त्या दिवशी तिथे विमान उडतंय की नाही, हे त्या गणिताला विचारायचंच नाही. तासभर आधी काउंटरवर हजर राहणं त्यात नाही, बॅगची वाट पाहणं नाही. माणूस म्हणून त्यात काहीच नाही.

आणि हे नागपूरच्या वाट्याला? देशाचा मध्य म्हणून दाखवला जाणारा झिरो माइलचा दगड जिथे आहे त्या गावाच्या? 1949 साली रात्रीची टपाल विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही बाजूंनी इथे सोनेगावच्या विमानतळावर येऊन मिळायची, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत जायची. देशाची पत्रं एका रात्रीत पोचवणाऱ्या गावातून माझी आई अर्ध्या दिवसातही शेजारच्या मराठवाड्यात पोचत नाही!

छोटी शहरं जोडायची घोषणा तर केव्हाच झाली. उडान योजनेचं पहिलं विमान 2017 साली उडालं. पुढे काय झालं? सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023च्या अहवालात आहे: मंजूर 774 मार्गांपैकी 371च सुरू झाले, आणि तीन वर्षांची सवलतीची मुदत संपल्यावरही टिकले फक्त 54. नारळ फोडायला सगळे येतात. मार्ग बंद होतो तेव्हा एकजण फिरकत नाही, आपल्याला कळतं ते थेट तिकीट काढताना.

आम्ही कार्यालयात शिरलो तेव्हा अंगठी घालून झाली होती, पंगत उठत होती. भाची पाया पडायला वाकली तशी आईने तो डबा तिच्या हातात दिला. दोरा सैल, पुडी फुटलेली, झाकणभर कुंकू. "उशीर झाला गं बाई," एवढंच म्हणाली. उशीर तिने केला होता का?