नंदूचा टीव्ही आणि बाबांचा सेट-टॉप बॉक्स

"पंचावन्न इंची घेतोस? मग मोबाईलवरच बघ की," मन्या म्हणाला, आणि तिथून पुढे कोणाचाच चहा गरम राहिला नाही.

डोंबिवली पूर्वेला एका बंद झेरॉक्सच्या दुकानाचा ओटा आहे, तो आमचा कट्टा. रविवारी भाजी, इस्त्री, दाढी उरकता उरकता माणसं तिथे टेकतात. या वेळी विषय होता नंदूच्या टीव्हीचा. त्याचा जुना ३२ इंची गेलाय. म्हणजे आवाज येतो, चित्र नाही. त्यात २०२५च्या सप्टेंबरात ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून त्याच्या मुलानं मोठ्या टीव्हीचा जप लावलेलाच होता.

"सोफ्यापासून भिंत किती?" मन्यानं विचारलं. मन्या आयटीत आहे. वस्तू घेण्याआधी तिची कुंडली पाठ करणारा माणूस.

"दहा फूट."

"दहा फूट भिंत ते भिंत," सलीम म्हणाला. सलीमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, भिंतीवर टीव्ही बसवायची कामंही घेतो. "सोफा तीन फूट खातो. तू टेकून बसलास तरी डोळे भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे येतात. साडेसात धर."

"साडेसात म्हणजे ९० इंच," मन्या सुरू झाला. "पडद्याच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतरावर बसावं, असा ढोबळ हिशेब आहे. ५५ इंचीला साडेपाच ते सव्वासात फूट. ६५ला साडेसहा ते पावणेनऊ. तू ६५च्या बरोबर मधोमध बसतोयस! आणि दहाच इंचांचा फरक म्हणू नकोस, क्षेत्रफळ ४० टक्क्यांनी वाढतं."

हिशेब चोख होता. नंदूचा चेहरा खुलला. मीही मान डोलावली, कारण सिनेमा बघायचा तर मन्याचंच बरोबर आहे.

"पण त्यावर लागणार काय?" स्मिता म्हणाली. तिची भाजीची पिशवी अजून खांद्यालाच होती.

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी उठल्यावर त्या टीव्हीवर पहिल्यांदा काय लागतं?"

नंदू जरा थांबला. "बाबांच्या बातम्या. सहा वाजता. मग दिवसभर तेच, आणि संध्याकाळी सातनंतर मालिका. आम्ही जेवल्यावर तासभर काहीतरी बघतो. शनिवार-रविवारी मॅच."

"कशावर?"

"केबल. जुना सेट-टॉप बॉक्स."

सलीमनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "हां. मध्ये एकाकडे गेलो होतो. ६५ इंची फोर-के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचा पडदा, नवाकोरा. गिऱ्हाईक म्हणतं, चित्र धुकट येतंय, पॅनल खराब आहे, कंपनीला बोलाव. मी मागे हात घातला, तर पिवळी-लाल-पांढरी वायर! जुन्या टीव्हीची काढून तीच नव्याला टोचलेली. एचडीएमआयची, म्हणजे स्पष्ट चित्र नेणारी वायर लावली, अर्धी तक्रार तिथेच संपली."

"आणि उरलेली अर्धी?"

"पॅकमधले सगळे चॅनल साधे. एचडी एकही नाही. त्याला मी काय करणार?"

इथे मन्याला आपल्याच विषयात शिरावं लागलं, आणि आकडे त्याच्याच विरोधात जात होते, तरी सांगितले त्यानं प्रामाणिकपणे. साधं चॅनल म्हणजे ७२० गुणिले ५७६, चार लाखांच्या आसपास ठिपके. फोर-के पडदा म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख. म्हणजे आलेल्या एका ठिपक्याचे वीस करायचे, आणि एकोणीस टीव्हीनं अंदाजानं भरायचे. हा अंदाज प्रत्येक टीव्हीचा वेगळा. हा अंदाज करणारा आतला प्रोसेसर चांगला असेल तर निवेदकाचा चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. नसेल तर मेणाचा दिसतो आणि खालच्या पट्टीतली अक्षरं कडेनं कुरतडल्यासारखी. पडदा जितका मोठा, तितकं हे जास्त उघडं पडतं.

"मग पॅक बदल. एचडी चॅनल घे, थोडे पैसे जास्त," मन्या म्हणाला.

"बाबांना चॅनलचे नंबर पाठ आहेत रे," नंदू म्हणाला. "एचडीचा नंबर वेगळा असतो. दोन दिवस ते नवा दाबतील, तिसऱ्या दिवशी जुन्यावर जातील."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. ज्याच्या घरात सत्तरीपुढचं माणूस आहे त्याला वेगळं सांगायला नको.

पाध्येकाका एवढा वेळ पेपर वाचत होते. "तुम्ही सगळे सोफ्याच्या मधोमध बसून बोलताय," ते पेपराआडून म्हणाले. "नंदू, तुझे बाबा बसतात कुठे?"

"दिवाणावर. खिडकीशी."

"म्हणजे टीव्हीच्या बाजूला. आणि तुझी बायको?"

"ती... ओट्याजवळून बघते. स्वयंपाक करता करता."

"म्हणजे दुसऱ्या बाजूनं. मधोमध बसतो तो तू, तेही जेवल्यावर तासभर."

मला विचाराल तर त्या सकाळचं सगळ्यात कामाचं बोलणं हे होतं. एलसीडी पॅनल, म्हणजे मागून उजेड पाडलेला पडदा, ढोबळमानानं दोन प्रकारचं येतं, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनलवर समोरून बघितलं तर काळा रंग खरंच काळा दिसतो, आयपीएसच्या तिप्पट-चौपट काँट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, असतो. पण जरा बाजूला सरकलात की रंग उतरतात, चेहरे राखाडी पडतात. आयपीएसचा काळा अंधाऱ्या खोलीत करडा दिसतो, मात्र बाजूनं चित्र बरंचसं तसंच राहतं. दिवे बंद करून एकट्यानं सिनेमा बघणाऱ्यानं व्हीए घ्यावं. आपल्या हॉलमध्ये दिवा चालू असतो, एक जण दिवाणावर, एक जमिनीवर, एक स्वयंपाकघराच्या दारात. बाजूनं बघणारेच जास्त.

"दुकानदाराला विचारलं तर सांगतो का कुठलं पॅनल?" नंदूनं विचारलं.

"छे! तो क्यूएलईडी, अमकं-तमकं सांगेल. क्यूएलईडी पण एलसीडीच, रंगासाठी आत एक थर जास्त," सलीम म्हणाला. "आणि एकाच मॉडेलच्या ५५ला एक पॅनल, ६५ला दुसरं, असंही असतं. तू विचारूच नकोस. टीव्हीसमोरून चालत चालत पार कोपऱ्यात जा आणि माणसाच्या चेहऱ्याकडे बघ. डोंगर-फुलं-मासे बघू नकोस, डेमोचा व्हिडिओ बनवतातच दिपवायला. यूट्यूब लावायला सांग, एखादी जुनी मुलाखत, ४८०वर, म्हणजे कमी ठिपक्यांत. आणि रंग भडक करणारा व्हिव्हिड मोड काढून टाक."

"ते चिडतात."

"चिडू दे. लाखभर रुपये तू देतोयस ना?"

मन्या अजून हरलेला नव्हता. "ओएलईडी घे! बाजूनंही छान, काळाही काळा. भांडण संपलं."

"आणि सकाळी सहापासून रात्रीपर्यंत एकाच कोपऱ्यात चॅनलचा लोगो, खाली लाल पट्टी?" सलीम म्हणाला. "ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतः जळतो. रोज तेच ठिपके जास्त जळले की डाग राहतो. आता चित्र थोडं थोडं हलवायची सोय देतात, बराच फरक पडतो. पण बाबांच्या वेळापत्रकापुढे मी तरी खात्री देणार नाही."

मग थोडा वेळ १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणाऱ्या टीव्हीवर, वाद झाला. तो मी इथे पूर्ण देत नाही, कारण नंदूच्या घरी गेम खेळायचं प्लेस्टेशन नाही आणि आपल्याकडचं केबलवरचं क्रिकेट ५० हर्ट्झच्या हिशेबानं येतं, त्याला साधा टीव्ही पुरतो. स्मितानं एक गोष्ट मात्र नीट सांगितली. नवा टीव्ही आणल्यावर तिच्याकडे सिनेमेसुद्धा मालिकेसारखे दिसायला लागले होते, सगळं गुळगुळीत, जणू कॅमेरा तेल लावून फिरवलाय. सेटिंगमध्ये जाऊन हालचाल मऊ करणारी सोय बंद केल्यावर सिनेमा परत सिनेमा झाला. सिनेमात सेकंदाला चोवीसच चित्रं असतात, मधली चित्रं टीव्ही स्वतः रचून घालतो. ती सोय बहुतेक टीव्हींत दुकानातून येतानाच चालू असते.

"आणि आवाज?" पाध्येकाका म्हणाले. "आमच्याकडे चित्र झकास आहे. संवाद कळत नाहीत. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येतं, कमी केला की माणसं कुजबुजतात."

काका म्हणतात ते खरंच आहे. टीव्ही पातळ होत गेला तशी स्पीकरला जागा राहिली नाही, तो बहुतेक वेळा खाली तोंड करून बसवलेला असतो. ६५ऐवजी ५५ घेऊन उरलेल्या पैशांत बरा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्यावा, हे माझं मत. मन्याला ते अजिबात पटलं नाही. "कान मोठे करायला डोळे छोटे करायचे?" असं काहीतरी म्हणाला.

सलीमनं मग बसवण्याचं सांगितलं. ५५ इंचीची रुंदी १२२ सेंटिमीटर, ६५ची १४४. नंदूची भिंत साडेपाच फुटी, एका बाजूला देवघर, तेव्हा ६५ बसतो, पण देवघराचं दार उघडताना टीव्हीला घासणार. नव्या इमारतींतल्या पोकळ विटांच्या भिंतीत साधा बोल्ट धरत नाही, त्याला वेगळे अँकर लागतात. आणि बहुतेक लोक टीव्ही लावतात फोटोच्या उंचीवर, मग मान वर करून बघतात. "बसल्यावर डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतात. पडद्याचा मध्य तिथे यायला पाहिजे. बाबा दिवाणावर आडवे होऊन बघत असतील तर अजून खाली."

एवढ्यात पाध्येकाकांनी सगळा डाव उधळला. "जुना ३२ दुरुस्त होईल का रे सलीम?"

"होईल की. आतली एलईडीची पट्टी गेली असणार. ती बदलली की उजेड येईल."

"मग तो बाबांच्या खोलीत लाव. साधं चॅनल ३२वर छानच दिसतं. हॉलमध्ये काय हवं ते घे."

मन्या ओट्यावरून उठलाच. "पासष्ट!"

"बाबा खोलीत बसणार नाहीत," नंदू म्हणाला. "आजारी होते तेव्हा ठेवून बघितला होता टीव्ही आत. मधेमधे उठून हॉलमध्ये येऊन बसायचे. बातम्या चालू असल्या की येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता येतं त्यांना."

"मग पंचावन्न," स्मिता म्हणाली, "बाजूनं नीट दिसणारा. आणि वायर बदल."

नंदू संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानात जाणार आहे, दिवाणाच्या कोनातून बघायला. मन्या सोबत जातोय. दुकानात त्यानं तोंड उघडायचं नाही अशी नंदूची अट आहे, ती त्यानं अजून मान्य केलेली नाही.