लपवलेला इतिहास म्हणे!

‘इतिहासाने तुमच्यापासून लपवलेलं भयंकर सत्य!’ ही ओळ आणखी एकदा माझ्या फोनवर आदळली ना, तर फोन भिंतीवर आपटीन मी. कोणी लपवलं? कुठे लपवलं? वर्षानुवर्षं छापून पडलेली माहिती आहे ती. तुम्ही वाचली नाहीत, याला लपवणं म्हणत नाहीत. आणि एवढा गाजावाजा करून जे ‘सत्य’ पाठवता, ती असते तीच जुनी थाप, फक्त आता मागे ढॅण्ण-ढॅण्ण संगीत लावलेलं.

मारी आंत्वानेतचंच घ्या. ‘पाव मिळत नसेल तर केक खा म्हणावं’ असं बोलणारी फ्रान्सची माजलेली राणी. नातेवाइकांच्या ग्रुपवर ही बाई सारखी येते आणि खाली रागाने लालबुंद झालेले चेहरे. अहो, ते वाक्य रूसो या विचारवंताच्या आत्मचरित्रात आहे, कुठल्याशा ‘थोर राजकन्ये’च्या तोंडी, नाव न घेता. तो भाग त्याने लिहिला १७६०च्या दशकात. बाईंचा जन्म १७५५चा. त्या लग्न होऊन फ्रान्सला आल्या १७७० साली, चौदाव्या वर्षी. रूसो लिहीत होता तेव्हा ही पोरगी व्हिएन्नात होती, फ्रान्समधला पाव तिने पाहिलाही नव्हता!

खरी गोष्टच हवी असेल तर हाराचं प्रकरण सांगा की. दोन जवाहिऱ्यांनी पंधराव्या लुईच्या लाडक्या बाईसाठी म्हणून हिऱ्यांचा एक अवाढव्य हार घडवला. राजा १७७४ला वारला आणि हार त्यांच्या गळ्यात पडला. नव्या राजाच्या राणीने, म्हणजे मारीने, घ्यायला नकार दिला. मग जान द ला मॉत नावाच्या एका भामटीने कार्डिनल रोआँ या बड्या धर्मगुरूला गाठलं. राणी त्याच्यावर खप्पा होती, आणि तिची मर्जी मिळवायला तो वाट्टेल ते करायला तयार होता. खोटी पत्रं झाली. १७८४च्या ऑगस्टमध्ये व्हर्सायच्या बागेत रात्रीच्या अंधारात एका वेश्येला राणीसारखे कपडे घालून उभं केलं, तिने कार्डिनलच्या हाती गुलाब दिला, आणि हा गडी विरघळला! हार भामटीच्या ताब्यात गेला, सुटा झाला, हिरे विकले गेले. आणि पत्रांवर सही काय, तर ‘मारी आंत्वानेत द फ्रान्स’. राण्या फक्त नाव लिहितात, पुढे काही लावत नाहीत, हे दरबारात वाढलेल्या कार्डिनलला कळू नये? नव्या राजाने तर त्याला हाच सवाल केला आणि पूजेच्या पोशाखातच अटक करवली. खटल्यात कार्डिनल निर्दोष सुटला. आणि बदनाम कोण झालं? जिने हार घेतलाच नव्हता ती.

बरं, ती काही गरीब गाय नव्हती. १७९२ला युद्धाच्या तोंडावर तिने फ्रेंच सैन्याचे बेत ऑस्ट्रियाला कळवले, तेही स्वतःच्या हातच्या पत्रातून. हा खरा, सिद्ध होणारा आरोप. पण तो कोणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात केक नाही.

हेच मी ग्रुपवर लिहिलं तर एका काकांचं उत्तर आलं, “अगं, तू फार मनावर घेतेस. गोष्ट छान आहे ना?” नाही, काका! छान नाही! कोणाच्या तरी तोंडी न बोललेलं वाक्य घालायचं, आणि त्या वाक्यावरून तिचं डोकं उडवलं ते बरंच झालं म्हणायचं, यात छान काय आहे?

नेपोलियन बुटका होता म्हणे. मेल्यावर त्याचं माप घेतलं ते ५ फूट २ इंच, पण फ्रेंच इंचात! फ्रेंच इंच २.७१ सेंटिमीटरचा, इंग्रजी २.५४चा. गुणाकार करा: १६८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या ओळखीच्या मापात साडेपाच फूट. त्या काळच्या फ्रेंच माणसात चांगली उंची. त्याला बुटकं केलं ते गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराने. शत्रूने काढलेलं चित्र दोनशे वर्षांनी आपण पुरावा म्हणून दाखवतो. आइन्स्टाइन गणितात नापास झाला, हीसुद्धा लोणकढी. पण ती बंद होणार नाही, कारण प्रत्येक नापास मुलाच्या बापाला ती हवी असते.

आणि आपली आनंदीबाई? ‘ध चा मा’ म्हटलं की शेंबड्या पोरालाही माहीत. नारायणराव पेशव्याचा खून ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात झाला. तलवारी गारद्यांच्या. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं राघोबादादांना. आनंदीबाईने खरंच अक्षर बदललं का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण अडीचशे वर्षं शिव्या खातेय कोण? दादा मात्र अटकेपार झेंडा नेणारे म्हणून रुबाबात उभे. बाई सापडली की पुरुषाचा निम्मा गुन्हा आपोआप माफ, हा काय न्याय आहे?

आता दुसरी जमात. हे पहिल्यांपेक्षा वाईट, कारण यांना थोडंसं माहीत असतं. ‘नीरो फिडल वाजवत नव्हता’ एवढं वाचलं की लगेच ‘नीरो किती प्रजाहितदक्ष होता!’ मान्य, फिडल तेव्हा नव्हतंच. मान्य, इ.स. ६४मध्ये रोमला आग लागली तेव्हा हा सम्राट शहराबाहेर अँटियमला होता, परत आल्यावर त्याने बेघरांसाठी आपल्या बागा उघडल्या, धान्याचे भाव उतरवले. हे टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो. पण तोच टॅसिटस हेही लिहितो की त्याने सख्ख्या आईला मारवलं, आगीचं खापर ख्रिश्चनांवर फोडून त्यांना जिवंत जाळलं, आणि जळालेल्या जागेवर स्वतःचा महाल उठवला. एका आरोपातून सुटला म्हणून काय संत झाला का? माणूस एक तर राक्षस नाही तर देव, मधलं काही यांच्या डोक्यात शिरतच नाही.

या सगळ्यावर कडी म्हणजे रास्पुतिन, रशियाच्या झारच्या घरात वजन असलेला साधू. विष दिलं, मेला नाही. गोळ्या घातल्या, मेला नाही. मारहाण केली, नदीत टाकला, तिथे बुडून मेला! काय थरार! पण यातलं बरंचसं सांगितलं कोणी? फेलिक्स युसुपोवने, म्हणजे ज्याने डिसेंबर १९१६मध्ये घरी बोलावून त्याला मारलं त्यानेच. एक निःशस्त्र माणूस तळघरात मारला म्हणण्यापेक्षा मरता न मरणारा सैतान मारला म्हटलेलं त्याला सोयीचं होतं. शवविच्छेदनात मृत्यू गोळीने झाल्याचं निघालं. डॉक्टर एक सांगतोय, खुनी दुसरंच सांगतोय, आणि आपला विश्वास कोणावर? खुन्यावर! कारण त्याची गोष्ट रंगते.

पुढचं तर ऐकाच. या खुनावर हॉलिवूडमध्ये १९३२ला चित्रपट निघाला. त्यातल्या एका पात्रावरून युसुपोवच्या बायकोने लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९३४ला तो जिंकला. घसघशीत भरपाई मिळाली. तेव्हापासून चित्रपटवाले ‘यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ अशी पाटी लावू लागले. पैशांचा चटका बसल्यावर का होईना, सिनेमावाल्यांना तेवढी अक्कल आली. आमचे हे इतिहासकार मात्र त्याच थापेवर ‘१०० टक्के सत्यकथा’ असं लिहितात, वर ‘दहा जणांना पाठवा’.