द व्हिलेजेसमध्ये घर बघताय? किचनचे फोटो पाठवणं आधी बंद करा

मंडळी, सध्या आमच्या न्यू जर्सीच्या ग्रुपमध्ये साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला फ्लोरिडाची स्वप्नं पडतायत, आणि त्यातही द व्हिलेजेसची, म्हणजे तिथल्या निवृत्तांच्या अवाढव्य वसाहतीची. साहजिकच आहे म्हणा, बर्फ उपसून उपसून कंबरडी मोडलीयत सगळ्यांची. पण "व्हिलेजेसमध्ये घर घ्यायचंय" हे म्हणजे "पुण्यात घर घ्यायचंय" म्हटल्यासारखं झालं, अहो कोथरूडला की वाघोलीला ते सांगा ना! २०२० च्या जनगणनेत तिथली वस्ती १ लाख ३० हजारांच्या आसपास निघाली, दहा वर्षांत ३९ टक्के वाढ, देशातल्या सगळ्या मेट्रो भागांत सगळ्यात जास्त. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गोल्फ कार्टने निघालात तर अर्धी सकाळ जाईल.

आणि आपले लोक व्हॉट्सॲपवर पाठवतात काय, तर क्वार्ट्झचा ओटा आणि लनाईतून, म्हणजे मागच्या छपराच्या ओसरीतून, दिसणारं तळं.

माझं स्पष्ट मत, घर सगळ्यात शेवटी बघा. आधी रस्ता ठरवा. ४६६ नंबरच्या रस्त्याच्या उत्तरेला जुना भाग, ऑरेंज ब्लॉसम गार्डन्स नावाच्या मोबाइल होम पार्कातून हे सगळं सुरू झालं तो तिकडचा, तिथे घरं जुनी, झाडं मोठी. ४४ नंबरच्या रस्त्याच्या दक्षिणेला सगळं नवंकोरं. आणि ४६६ ते ४६६ए ह्यांच्या मधला पट्टा, जिथे लेक समटर लँडिंगचा चौक आहे. मी ह्या मधल्या पट्ट्याच्या बाजूने.

एक तर बाँड. रस्ते, ड्रेनेज वगैरे बांधायला तिथल्या डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागाचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, बाँड म्हणजे कर्जरोखे काढलेले असतात आणि त्याचा वाटा प्रत्येक घराच्या माथी बसतो, नव्या घराला तो पाच आकडी असतो, घराच्या किमतीत धरलेला नसतो, आणि एकदम भरला नाहीत तर दरवर्षी टॅक्सच्या बिलातून येत राहतो. रीसेल घेतलंत तर शिल्लक बाँड घराबरोबर तुमच्या गळ्यात येतो. म्हणून दोन घरांची किंमत सारखी दिसली तरी पहिला प्रश्न हाच, बाँड किती राहिलाय? जुन्या आणि मधल्या भागात बऱ्याच घरांचा फिटलेला सापडतो.

पण खरं कारण वेगळंच आहे. आपण पासष्टीत घर निवडतो आणि राहायचं असतं पंच्याऐंशीपर्यंत. एक दिवस डोळे दगा देणार, मुलं गाडीची किल्ली काढून घेणार. तिथे गोल्फ कार्टला लायसन्स लागत नाही, अठराच्या वरच्याला फोटो आयडी पुरतं, ताशी वीस मैलांच्या आत हळूहळू जायचं. म्हणजे तेव्हा तुमचं जग कार्टच्या पल्ल्याएवढंच! किराणा, डॉक्टर, फार्मसी, पूल, संध्याकाळी फुकटचं गाणंबजावणं असतं तो चौक, हे सगळं पंधरा मिनिटांत गाठता येतंय का ते स्वतः कार्ट भाड्याने घेऊन बघा, नकाशावर बोट ठेवून नाही. आमच्या ह्यांचा जीव नव्या भागातल्या गोल्फ कोर्सवर जडलाय, मी म्हटलं तुमचे गुडघे विचारून घ्या आधी.

बाकी किरकोळ गोष्टी. वास्तूवाल्यांनो, पूर्वेचं दार हवं म्हणून हट्ट धराल तर मागची लनाई पश्चिमेला येणार आणि फ्लोरिडाच्या उन्हात संध्याकाळी तिथे चहा प्यायला बसायची सोय उरणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. नातवंडं येणार असतील तर फॅमिली पूल कुठेय ते बघा, मोठ्यांच्या पूलमध्ये त्यांना घेत नाहीत, आणि एकोणिसाखालच्यांना वर्षातून ३० दिवसच राहता येतं. आणि फेब्रुवारीत बघायला जाऊ नका हो, तेव्हा थंडीतून पळून आलेल्यांची जत्रा असते, सगळं सुंदरच दिसतं. जुलै-ऑगस्टात जा, घामाने निथळा आणि मग ठरवा.

आपलीच माणसं, आपलंच जेवण हवं असेल तर फ्लोरिडातच टवारेस गावात शांतिनिकेतन आहेच, भारतीय निवृत्तांसाठी काढलेली वसाहत. पण तो वेगळा विषय, त्यावर आमच्या घरी अजून भांडण चालू आहे.

मधल्या पट्ट्यात कोणी राहत असेल तर एक खरं सांगा, पिकलबॉलचा (टेनिससारखा तो लहान कोर्टावरचा खेळ) टॉक टॉक आवाज सकाळी कितीला सुरू होतो आणि किती घरं लांबपर्यंत ऐकू येतो?