अल्सरेटिव्ह कोलायटिस हा ‘गोऱ्यांचा आजार’ नाही

व्हॉट्सअॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय: मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणं, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस, हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्याकडे शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच, आणि रक्त थांबलं की गोळ्या बंद करून ताक प्यावं. यातलं ताक तेवढं निरुपद्रवी.

पंजाबात १९९९ साली ५१,९१० लोकांच्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे सुमारे ४४. पाव शतकापूर्वीची गोष्ट आहे ही!

मूळव्याधीत बहुधा शौचानंतर लालभडक रक्त ठिबकतं. कोलायटिसमध्ये रक्ताबरोबर आव पडते, रात्री झोपेतून उठून धावावं लागतं, कुंथूनही पोट साफ वाटत नाही. असं काही आठवडे चाललं तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, टाळू नये. (क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजाराचं निदान आपल्याकडे आणखी अवघड, कारण आतड्याचा टीबी बराचसा तसाच दिसतो, आणि टीबी असताना क्रोन्स समजून नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो बळावतो.)

राहिल्या गोळ्या. हा आजार उसळतो, शमतो, पुन्हा उसळतो. मेसालामाइन ही आतड्याची सूज कमी करणारी गोळी बरं वाटत असतानाही चालू ठेवतात ते पुढची उसळी टाळण्यासाठीच. ती डॉक्टरांना न विचारता सोडू नका. ताक सोसत असेल तर खुशाल प्या, पण गोळीच्या जागी नको.