खटला माणसावर, भरपाई राज्याकडून
युद्धात शाळेवर झालेल्या हल्ल्याला जबाबदार कोण, यावरच्या तुमच्या लेखात सगळा हिशोब हल्ला करणाऱ्या कमांडरला शिक्षा होते की नाही, इथेच संपवला आहे. ती अर्धीच बाजू झाली. रोम संविधीनुसार (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर चालतं तो) शिक्षा व्यक्तीला होते. राज्याची, म्हणजे देशाची, जबाबदारी वेगळी, आणि ती बरीच जुनी. युद्धाच्या नियमांवरच्या १९०७ च्या चौथ्या हेग कराराचं कलम ३ आणि जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं कलम ९१ पाहा. आपल्या सैन्यातल्या माणसांनी केलेल्या सगळ्या कृत्यांना युद्धातला पक्ष जबाबदार असतो. 'आम्ही तसा हुकूम दिलाच नव्हता' ही सबब इथे चालत नाही. काँगो विरुद्ध युगांडा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने (हे देशादेशांमधले वाद ऐकतं) २००५ मध्ये नेमकं हेच म्हटलं, आणि २०२२ मध्ये युगांडाने काँगोला द्यायची एकूण ३२.५ कोटी डॉलर भरपाई ठरवली. (मध्ये सतरा वर्षं गेली, हेही खरंच.)

'शाळेत शत्रूचे सैनिक लपले होते' या युक्तिवादाला लेखकाने फार सहज मान्यता दिली, असं वाटलं. सैनिकांनी शाळा वापरली तर तिचं संरक्षण जाऊ शकतं, कबूल. पण त्याच प्रोटोकॉलचं कलम ५२ सांगतं की शंका असेल तेव्हा शाळा नागरीच धरायची. शिवाय खबरदारी आणि प्रमाणबद्धतेच्या (लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी फार नको) अटी तरीही उरतातच.

खरी अडचण अधिकारक्षेत्राची आहे. राज्याच्या संमतीशिवाय आंतरराष्ट्रीय न्यायालय त्याच्यावरचा खटला ऐकू शकत नाही, आणि युद्धात शाळा जपण्याचं वचन देणारा २०१५ चा 'सुरक्षित शाळा जाहीरनामा' तर बंधनकारकच नाही. लेखात यावर दोन ओळी तरी हव्या होत्या.