उपवासकाळ आणि हातातला मोबाइल

राखेचा बुधवार, म्हणजे इस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की फेसबुकवर ती ठरलेली पोस्ट दिसायला लागते. ‘चाळीस दिवस इथे नसेन, इस्टरला भेटू.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. मत्तयाच्या शुभवर्तमानात ६ व्या अध्यायात येशू सांगतो, उपास करताना सुतकी तोंडाने हिंडू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळताही कामा नये. या हिशेबाने तो उपास पोस्ट टाकली तिथेच मोडला. (हीसुद्धा पोस्टच आहे, मान्य. पण मी कुठे निघाले नाहीये.)

मोबाइल बाजूला ठेवायला माझा विरोध नाही. पोप फ्रान्सिस यांनी २६ फेब्रुवारी २०२० ला, राखेच्या बुधवारीच, हेच सांगितलं होतं: टीव्ही बंद करा, बायबल उघडा, मोबाइल सोडा आणि शुभवर्तमानाशी नातं जोडा. पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं आणि आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) त्याच मोबाइलवर आली. म्हातारी माणसं यूट्यूबसमोर गुडघे टेकत होती. त्यामुळे मोबाइल म्हणजे सैतान, असं कुणी म्हटलं की मला काही ते पटत नाही.

सैतान जुनाच आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा संन्यासी राहायचा. भर दुपारी माणसाला गाठणाऱ्या सैतानाबद्दल त्याने लिहून ठेवलंय. दिवस ५० तासांचा वाटू लागतो. नजर सारखी खिडकीकडे जाते. खोलीबाहेर येऊन सूर्य कुठवर आला, जेवणाला किती अवकाश आहे ते बघायचं. कुणी भेटायला येतंय का, इकडेतिकडे पाहायचं. मग वाटायला लागतं, ही जागाच वाईट, इथल्या लोकांत प्रेम म्हणून उरलेलं नाही. आणि तिथे तर नोटिफिकेशनही नव्हतं!

म्हणून ‘फोन बंद करा, मनःशांती मिळेल’ हे आश्वासन मला फसवं वाटतं. आधी येतो तो कंटाळा. रोझरी (जपमाळ) म्हणताना अंगठा मण्यावरून रील सरकवल्यासारखा सरकतो. मागे कधीतरी गिळलेला राग वर येतो, कुणाकुणाची बोलणी आठवतात. इव्हाग्रियसचा सल्ला एवढाच, की खोली सोडू नका. त्या कंटाळ्यात बसून राहायचं, प्रार्थना तिथे सुरू होते.

दुसरं म्हणजे, उपवासकाळात उपास, प्रार्थना आणि दानधर्म ही तिन्ही एकत्र येतात. बायबलमधल्या यशयाच्या ५८ व्या अध्यायात देव सरळ विचारतो, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं हाच उपास नव्हे का? जेवण वाचलं तर ते दुसऱ्याच्या ताटात जावं. मग वाचलेला तास कुणाला द्यायचा? तो नेटफ्लिक्सला गेला तर फक्त दुकान बदललं.

आमच्या आळीतल्या एक मावशी एकट्या असतात, मुलगा कॅनडात. शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) झाली की मी त्यांच्याकडे जाते. त्यांना दिसत कमी, व्हिडिओ कॉल जमत नाही, मग माझाच फोन चालू करावा लागतो. नातू दिसला की त्या आधी स्क्रीनवर क्रुसाची खूण करतात, मग बोलतात. यात उपास मोडतो असं मला वाटत नाही.

आणि आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीतल्या लोकांत) ‘डिजिटल उपास’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघालाच, तर कृपा करून मला त्यात घेऊ नका.